व्याकरण आधी कानाला शिकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की 'मुलांचं व्याकरण कच्चं, म्हणून इंग्रजी बोलता येत नाही' अशी तक्रार सुरू होते. उपायही ठरलेला: काळांचे तक्ते पाठ करून घ्या, नाहीतर आणखी एक क्लास लावा. मी काही शिक्षक नाही, कोल्हापूरच्या गुजरीत सराफी करतो. पण परक्या माणसाला नवी भाषा कशी येते ते आमच्या गल्लीत रोज दिसतं, आणि ते या तक्त्यांच्या नेमकं उलट आहे.

गुजरीत बंगालहून आलेले कारागीर बरेच. बंगालीत नामांना व्याकरणातलं लिंगच नाही. क्रियापद बाईला आणि पुरुषाला एकच. आमच्याकडं मात्र साज केला, ठुशी केली, डोरलं केलं. एकाच बैठकीत तिन्ही लिंगं! नवा पोरगा सुरुवातीला सगळंच 'केला'वर उरकतो. 'ठुशी झाला, शेठ.' त्याला कुणी तक्ता घेऊन बसवत नाही. पण 'माझी ठुशी झाली का?', 'ठुशी सैल झालीय' हे गिऱ्हाइकांच्या तोंडून सतत कानावर पडतं, आणि हळूहळू त्याच्याही तोंडात 'झाली' येऊ लागतं. मधल्या काळात तो 'झाला' म्हणून अडखळतो आणि स्वतःच सुधारतो.

कारागिरांच्या बायकांचं तर त्याहून नवल. त्यांतल्या काहीजणी 'मी आलो', 'मी बाजारात गेलतो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्याला वाटेल, बंगाली बाई, चुकली बिचारी. चुकली कुठं? आपल्याकडच्या बायका असंच बोलतात की! शाळेच्या पुस्तकात हे रूप सापडायचं नाही. भाजी घेताना, शेजारणीशी बोलताना तिनं ते ऐकून उचललं. व्याकरण कानातून शिरतं याला यापेक्षा पक्का पुरावा मला तरी माहीत नाही.

लहान मुलांचंही तेच. जीन बर्को या अमेरिकी संशोधक बाईंनी 1958 साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव सांगितलं 'वग'. मग दोन दाखवले आणि विचारलं, आता हे काय? मुलांनी 'वग्झ' म्हटलं. शब्द जन्मात ऐकलेला नाही, तरी अनेकवचन बरोबर. आपली पोरंही 'मी करलं' म्हणतात, घरात कुणीच तसं म्हणत नसताना. म्हणजे नियम पोरानं आपला आपण काढलेला असतो, 'केलं' हा अपवाद तेवढा कळायचा राहिलेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1973 साली इंग्रजी घरांतल्या मुलांविषयी लिहिलं, त्यात चालू काळाचा 'आयएनजी' लवकर येतो आणि 'ही', 'शी'नंतर क्रियापदाला लागणारा 'एस' बराच उशिरा, असं दिसलं. ज्यांची ती मायबोली आहे त्यांची ही गत, आणि आपण त्याच 'एस'साठी पोरांच्या वह्या लाल करतो.

दुसरी भाषा कशी येते याचा अभ्यास करणारे अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं असं की नकळत अंगी आलेली भाषा वेगळी आणि नियम म्हणून माहीत झालेली वेगळी. पाठ केलेला नियम वापरायला विचार करायला वेळ लागतो, आणि बोलताना तो मिळत नाही. हे मला पटतं. पण नुसतं ऐकून सगळं होतं, हे पटत नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये 1965 पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत फ्रेंचमधूनच शिकवायला घेतलं, मग असे वर्ग देशभर झाले. मुलांना फ्रेंच उत्तम कळू लागलं, पण बोलताना वर्षानुवर्षं चुका राहिल्या, आणि त्यांत नामांचं लिंग ठळक. तिथल्याच भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये कारण मांडलं: मुलं ऐकतात भरपूर, बोलावं लागतं थोडं. हे वाचून मला माडीवरचे कारागीर आठवले. दिवसभर गाववाल्यांतच बसायचं, गिऱ्हाइकाशी गाठ नाही. ते कित्येक वर्षं राहूनही 'ठुशी झाला'वरच असतात.

नियमाला जागा आहे, पण ती माणसाने विचारल्यावर. आमच्या एका कारागिराने मराठीत बऱ्यापैकी बोलू लागल्यावर विचारलं, 'ठुशी, बोरमाळ, पाटली सगळ्या ती कशा?' मी म्हटलं, शेवटी ई आली की बहुतेक वेळा ती. बोरमाळ ऐकूनच लक्षात ठेव. आणि मोती, ई असूनही, तो. एवढ्यावर त्याचं काम झालं. हेच पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर त्यानं करायचं काय?

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी बहुतेक वर्गांत इंग्रजीचा तास चालतो मराठीतून, आणि पोराच्या कानावर इंग्रजी पडतं ते धड्याच्या वाचनापुरतं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांना माझं सांगणं, पहिले दोन महिने फळ्यावर तक्ता नको. पोरांना सोप्या गोष्टी ऐकवा, त्याच त्याच ऐकवा, मग त्यांच्याकडून सांगून घ्या.

आणि बाकीच्यांना एक विनंती. समोरचा परप्रांतीय मोडकी मराठी काढतो न काढतो तोच आपण हिंदीवर येतो. वर पुन्हा 'हे लोक मराठी शिकत नाहीत' म्हणायला मोकळे! शिरोलीच्या फौंड्रीत असो, रिक्षात असो की आमच्या दुकानात, त्याच्याशी मराठीतच बोला, सावकाश बोला. तो 'पैंजण तुटली' म्हणाला तर हसू नका, शिकवूही नका. 'हो, पैंजण तुटलं, जोडून द्या' एवढं म्हणा आणि मजुरी विचारा.

आपला,
एक सराफ, गुजरी, कोल्हापूर