अण्णांना आडवं होऊ देणाऱ्या सगळ्यांचे आभार

आमच्या अण्णांना लिव्हर सिरॉसिस आहे. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचं नाव लागलंय. त्यांना दम लागायचा तो उठून बसल्यावर. आडवं झालं की बरं वाटायचं. दम लागलेल्या माणसाला आपण बसवतो, म्हणून आम्हीही बसवत राहिलो. कितीतरी महिने. आठवलं की अजून पोटात कालवतं.

रात्रपाळीच्या डॉक्टर ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोटाला ऑक्सिमीटर तसाच ठेवून तुम्ही अण्णांना झोपवलंत, मग बसवलंत. झोपून ९२, बसून ८४. त्यावरूनच तुम्ही बबल एको, म्हणजे बुडबुडे सोडून करायची हृदयाची सोनोग्राफी, करायला लावलात. हाताच्या शिरेतून सोडलेल्या सलाइनचे बुडबुडे फुप्फुसात अडायला हवेत. अण्णांचे चार-पाच ठोक्यांतच हृदयाच्या डाव्या बाजूला पोचले. यकृताच्या आजारामुळे फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद झाल्या होत्या. ऑक्सिजनने आधार मिळेल, पण खरा उपाय नवं यकृतच, हेही तुम्हीच स्टूल ओढून, शेजारी बसून सांगितलंत.

सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये न मागता खालचा बर्थ देणारे काका, तुमचे आभार. लिफ्ट बंद असताना ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावरून तीन जिने चढवणाऱ्या दादा, तू पाणीही न पिता गेलास. आणि वॉर्डातल्या मावशी, जेवताना दर दोन घासांनी अण्णांना आडवं होऊ देणाऱ्या.

आमचा नंबर अजून यायचाय. अण्णा म्हणाले, सगळ्यांना माझा नमस्कार कळव. तो कळवतेय.