सिस्टर, तुमचा डबा अजून माझ्याकडंच आहे

सिस्टर,

नमस्कार. पत्र माझं आहे, टाइप लेक करायलीय. मी बोलायले आणि ती मधेमधे थांबून "आई, हे पण लिहू का?" विचारायली. सगळं लिही म्हटलं. तुमचं नाव तेवढं नको, कारण तुम्हीच म्हणालात, "माझं नाव कशाला, मी माझी ड्युटी केली." असू द्या. गंगाखेडच्या बाजूच्या आमच्या गावात सिस्टर म्हटलं की कोण, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

हेच सगळं उपकेंद्रात येऊन तुमच्यापुढं बोलता आलं असतं. चारचौघांत लिहायचं कारण म्हणजे माझ्या वयाच्या बायका. लेकीसुनांचं बाळंतपण आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं आम्हाला वाटतं. मला तर फारच वाटायचं.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. पहिलं बाळंतपण, त्यामुळं येणारच. आठ दिवसांनी आशाताई निरोप घेऊन आल्या, शनिवारी दुपारी अंगणवाडीत गरोदर मातांचा वर्ग आहे, जावई असतील तर त्यांनाही आणा. मी शिलाई मशीनवर बसले होते, तिथूनच हसले. म्हटलं, तीन लेकरं वाढवली मी, बाळंतपणाची कसली आलीय शाळा? लेक मात्र हट्टाला पेटली. एवढ्या उन्हात दोन जिवांचीला एकटी कशी पाठवायची, म्हणून मी मागं मागं आले. (दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत वर्ग, हे मात्र मला अजून पटलेलं नाही. सकाळी घेत जा.)

पहिल्याच दिवशी तुम्ही पिशवीतून लोकरीचं टोपरं काढलंत आणि त्यात मोसंबी घातली. टोपऱ्याचं तोंड खाली, आवळलेलं. म्हणालात, ही गर्भपिशवी, हे लेकरू. मग वरून दाबत दाबत ते तोंड आधी कसं पातळ होतं आणि मग जरा जरा कसं उघडतं ते दाखवलंत. शेवटी आमटीची वाटी पुढं ठेवलीत. "दहा सेंटिमीटर, म्हणजे एवढं उघडायचंय. पहिलटकरणीला बारा बारा तास लागतात, कधी जास्तही. म्हणून पहिल्या कळेला घाबरायचं नाही आणि जोर तर अजिबात लावायचा नाही." माझी सगळी बाळंतपणं झाली, नातवंडाची वेळ आली, आणि आत काय चालतं ते मी त्या दिवशी मोसंबीवर पाहिलं.

गोळ्यांचं तर हसू येतं. लेकीचं रक्त ९.२ भरलं होतं, ११ च्या वर पाहिजे. लोहाच्या गोळ्या ती रोज घेत होती, पण चहासोबत. चहानं लोह अंगी लागत नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. शी काळी व्हायली म्हणून मी तर गोळ्या बंदच करायला निघाले होते. नवव्या महिन्यात रक्त १०.६ झालं.

आता तिसऱ्या शनिवारचं.

त्या दिवशी विषय चिकाचा होता. तुमची एक पद्धत मला आवडायची, तुम्ही आधी आम्हा म्हाताऱ्यांना विचारायचात, तुमच्या वेळी काय करत होता? सगळ्या गप्प, म्हणून मीच बोलले. म्हटलं, पहिलं पिवळं दूध खराब असतं, ते पिळून टाकायचं. तीन दिवस मध नाहीतर गुळाचं पाणी, आणि चौथ्या दिवशी अंगावर घ्यायचं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "मावशी, गाय व्यायली की वासराला पहिला चीक पाजता का नाही?" मी म्हटलं, पाजतो की, त्याशिवाय वासरू धरत नाही. त्यातून उरलेल्याचा खरवस करतो. आणि बोलता बोलता माझी जीभ अडकली.

मग तुम्ही सांगत राहिलात. चीक म्हणजे लेकराची पहिली लस, पहिल्या तासातच अंगावर घ्यायचं, मध तर वर्षभर चाटवायचा नाही. मला पुढचं काही ऐकू येईना. मी उठले, चप्पल घातली आणि घरी आले. बायकांना वाटलं, मला राग आला. लेकीलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार असून तुम्ही दारात. हातात जेवणाचा डबा, म्हणालात, एका घरी चाललेय, जाता जाता इथंच जेवते. चिकाचा विषय काढला नाहीत. माझ्या चटणीचं कौतुक केलंत, डिंकाच्या लाडूत खारीक किती घालता ते विचारलंत. आणि मी, जिनं छत्तीस वर्षांत नवऱ्याशिवाय कोणापुढं तोंड उघडलं नव्हतं, ती सांगायला लागले. की मला लेकरं तीन नाहीत, चार झाली. पहिला पोरगा, १९८९ चा, पौषातला. घरीच झाला. सुईणबाईनं झाल्या झाल्या न्हाऊ घातला, तेव्हा तसंच करायचे. चीक मी माझ्या हातानं पिळून मोरीत टाकला. लेकरू गार पडत गेलं, ओढेना, आणि नवव्या दिवशी गेलं.

मी तुम्हाला विचारलं, मी मारलं का हो त्याला?

तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "कशानं गेलं ते मला आज सांगता यायचं नाही मावशी. पण तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं होतं का? सांगणं आमचं काम होतं. आम्ही पोचलो नाही." सिस्टर, १९८९ ला तुमचा जन्म तरी झाला होता का? तरी तुम्ही "आम्ही" म्हणालात.

मग तुम्ही गडचिरोलीची हकिकत सांगितलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिकडच्या खेड्यांतल्या साध्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात लेकरं कशी सांभाळली, कोवळ्या लेकरांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कसे कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते जगात कसं छापून आलं. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, ती रीत तिथून आली. मला बरंही वाटलं आणि जिवाला लागलंही. दहाच वर्षांचा फरक.

त्या गडबडीत तुमचा डबा माझ्याकडंच राहिला.

पुढच्या शनिवारपासून मी पहिल्या ओळीत. जावई चाकणला कंपनीत आहेत, रात्रीच्या गाडीनं दोनदा आले. तुम्ही टॉवेलचं लेकरू करून त्यांच्या हातात दिलंत आणि त्यांनी लंगोट उलटा बांधला, तेव्हा त्या ऊसतोडीच्या पोरीला हसता हसता उचकी लागली. ती पोर मला आठवते. कारखान्यावरून मधेच परत आलेली, एकही तपासणी नीट झालेली नाही. तिला तुम्ही सांगितलंत, माता-बाल संरक्षण कार्ड पदराला बांधून ठेव, फडावर असलीस तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखव, कोणी परत पाठवणार नाही. आणि आम्हा सगळ्यांना हे पाठ करून घेतलंत: डोकं फार दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोटातलं लेकरू हलायचं कमी झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ किंवा १०२ ला फोन लावायचा. जावयांनी दोन्ही नंबर घराच्या भिंतीवर खडूनं लिहिले, अजून आहेत.

मे महिन्यात रात्री अकराला कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात सोबतीला एक बाई आत राहू शकते, हे तुम्ही सांगून ठेवलं होतं, म्हणून मी पदर खोचून आत गेले. माझी कामं तुम्ही ठरवून दिली होती: कंबर दाबायची, घोट घोट पाणी पाजायचं, तिला चालवायचं, कळ आली की तिच्याबरोबर लांब श्वास सोडायचा आणि बाकी तोंड बंद ठेवायचं. शेवटचं सगळ्यात अवघड. "जोर लाव गं" हे शब्द किती वेळा ओठावर आले! वाटी आठवायची आणि गिळून टाकायची. सकाळी साडेनऊला नात झाली. पुसून तशीच लेकीच्या उघड्या छातीवर ठेवली, न्हाऊ वगैरे काही नाही. अर्ध्या तासात ती सरकत सरकत अंगाला लागली. लेकीचा चीक तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून जरासा ओघळला, पिवळाधमक. मी तो बोटानं टिपला आणि परत तिच्याच तोंडात घातला.

वजन भरलं २ किलो ३००. अडीचच्या खाली म्हणजे कमी. मग कांगारू. उघड्या छातीवर लेकरू उभं धरायचं, वरून कापड बांधायचं. लेक थकली की जावई. मे महिना, बाहेर ४२-४३ चा पारा, आणि आमचे जावई सदरा काढून छातीला लेकरू बांधून बसलेले! शेजारणी मुद्दाम चहाला यायच्या. मीही आधी म्हटलं, या उन्हात ऊब कशाला? पण कमी वजनाचं लेकरू पहाटे कूलरच्या वाऱ्यानंही गार पडतं, हे मी पाय चाचपून पाहिलं. कूलरचं तोंड त्याच दिवशी फिरवलं. पाणी पाजायचा मोह मात्र कठीण गेला. ओठ सुकल्यासारखे दिसायचे. तुम्ही म्हणाला होता, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, अंगावरच्या दुधातच पाणी असतं, शंका आली तर शू मोजा. आठवड्यानंतर दिवसात सहा-सात लंगोट ओले झाले तर पोट भरायलंय. मी दोरीवरचे लंगोट मोजत बसायची.

पाचवीच्या दिवशी तिच्या तळव्यांवर पिवळं दिसलं. घरात पूजेची मांडणी झालेली, पाट, कोरा कागद, पेन, सगळं. बायका म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धरा, पूजा होऊ द्या, सकाळी बघू. पण तळहात-तळपाय पिवळे झाले तर उन्हावर भागत नाही, हे मला पाठ होतं. मी सटवाईला हात जोडले आणि म्हटलं, बाई, काय लिहायचं ते आज दवाखान्यात येऊन लिही. दोन दिवस नात निळ्या दिव्याखाली होती. सटवाई आली असणार, नात बरी होऊन घरी आली.

सगळंच तुमचं ऐकलं असं नाही, हेही लिहायला पाहिजे. धुरी बंद केली, पण बाळंतिणीच्या खोलीला ओव्या-वावडिंगाचा वास नाही म्हणजे मला खोली सुनी सुनी वाटते. गुटीची सहाण माळ्यावर ठेवली, फेकली नाही. काजळ डोळ्यात नाही घातलं, पण तीट मी लावतेच, पायाच्या तळव्याला. तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलंत. नाळेला काही लावलं नाही, हळद नाही, राख नाही, आठव्या दिवशी आपोआप पडली. आणि डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा यातलं काहीच तुम्ही बंद केलं नाहीत. उलट वर्गात मलाच उभं करून लाडू सांगायला लावलेत. माझ्यासारख्या बायकांकडून एवढं काही काढून घ्यायचं असेल तर थोडं काही ठेवावंही लागतं, हे तुम्हाला कुठल्या ट्रेनिंगात शिकवलं कोण जाणे.

आता शनिवारच्या वर्गात मी अधूनमधून येऊन बसते. नवी पोर सासूबरोबर आली की सासू माझ्या शेजारी. तुमचा चिकाचा शनिवार आला की गाईचं मी सांगते, आणि कोणी रडलीच तर पहिल्या लेकराचंही. पहिल्या वेळी आवाज कापला होता. आता नाही कापत.

येत्या रविवारी नातीला सहा महिने पूर्ण होतात, उष्टावण ठेवलंय. जावई येणार आहेत. वरणाचं पाणी देणार नाही, घाबरू नका. मऊ भात आणि घट्ट वरण, वर तूप, चमचा वाकडा केला तरी ओघळणार नाही इतकं, तुम्ही दाखवलं तसं. तुमचा डबा आठ महिने माझ्या फडताळात आहे. रिकामा परत करायचा नसतो म्हणून राहिला. रविवारी या, लाडू बांधून ठेवते. खारीक जास्त घातलीय.

तुमची,
मशीनवाली मावशी