पहिलं उड्डाण झालं म्हणजे विमान तयार झालं असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दोन सीटच्या हलक्या स्पोर्ट विमानावरचा लेख वाचला. फोटो छानच होते आणि असा विषय मराठी पेपरात आला याचा खरंच आनंद झाला. पण लेख पहिल्या उड्डाणाशी येऊन थांबला, विमान उडालं, टाळ्या वाजल्या आणि गोष्ट संपली. मी स्वतः अशाच एका विमानाच्या डिझाइनवर छोट्या टीमबरोबर काम करतोय, म्हणून सांगावंसं वाटतं की त्या उड्डाणाच्या आधी आणि नंतर जे चालतं तेच खरं काम असतं.

आधी वजन. अमेरिकेत २००४ साली लाइट स्पोर्ट विमानांचा नियम आला त्यात कमाल वजन ६०० किलो, सीट दोनच, आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली करायचे पट्टे) न वापरता स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाही तो) ४५ नॉटच्या, म्हणजे ताशी ८३ किमीच्या वर नको असं होतं. युरोपात तर बरीच वर्षं ४५० किलोच चालायचं, पॅराशूट लावलं तर ४७२.५. आता ६०० चाच हिशोब करून बघा. ९०-९० किलोची दोन माणसं म्हणजे १८०, ८० लिटर पेट्रोल साधारण ५८, थोडं सामान, की उरले ३५० किलो, आणि त्यात पंख, बॉडी, चाकं, इंजिन, सीट, वायरिंग, रंग सगळं बसवायचं. हो, रंगसुद्धा, त्याचंही वजन किलोतच भरतं. आमच्याकडे एका ब्रॅकेटच्या २०० ग्रॅमवरून दोन दिवस वाद झालाय आणि तो व्हायलाच हवा होता, कारण असे पन्नास ब्रॅकेट झाले की १० किलो गेले.

स्टॉलच्या वेगाचंही तसंच. तो कमी ठेवायचा तर पंख मोठा लागतो, ६०० किलोला साध्या पंखाचा ११-१२ चौरस मीटर तरी एरिया हवा, आणि मोठा पंख म्हणजे परत वजन आणि वर वेगात मार. तरी हा आकडा सोडायचा नसतो, कारण इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर निम्म्या वेगाला धक्क्याची ऊर्जा चौथा हिस्साच असते. इंजिनाबद्दल जास्त लिहीत नाही, बहुतेक जण १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे, नवीन विमानात नवीन इंजिन म्हणजे एकावेळी दोन प्रयोग.

आता ज्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती ते. अशा विमानाची रचना ४ जी, म्हणजे विमानाच्या वजनाच्या चौपट भाराला धरून करतात, त्यावर दीडपट, म्हणजे ६ जी ला ती किमान ३ सेकंद तरी तुटता कामा नये. हे बघायला पंख उलटे करून त्यावर वाळूची पोती रचतात. पंखांच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब लावूनसुद्धा एकूण भार ३ टनांच्या आसपास जातो, कुठे किती पोती ठेवायची ते हवेतल्या दाबाच्या हिशोबाने ठरतं, बुंध्याशी जास्त आणि टोकाकडे कमी. शेवटची पोती चढवताना हॉलमध्ये कोणी बोलत नाही, नुसती करकर ऐकू येते आणि सगळ्यांचं लक्ष स्पारकडे, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईकडे.

आणि पोती झाली तरी फ्लटर राहतोच. एका ठराविक वेगाला एलेरॉन (विमान कलतं करायची पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) किंवा शेपटीचा भाग थरथरायला लागतो, हवाच त्या थरथरीला ताकद पुरवते आणि काही क्षणांत तुकडे होऊ शकतात, पायलटला काही करायला वेळच मिळत नाही. झोडियाक सीएच ६०१ एक्सएल हे चांगलं खपलेलं, लोकांना आवडलेलं विमान होतं, पण काही विमानं हवेतच मोडली, माणसं गेली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेने ती सगळी जमिनीवर ठेवा अशी शिफारस केली. संशय एलेरॉनच्या फ्लटरवर होता. नंतर जे बदल सुचवले त्यात एलेरॉनला वजन लावून त्याचा तोल साधणं आणि पंखाची मजबुती वाढवणं होतं. एवढीशी वजनं, पण ती असणं-नसणं म्हणजे माणसाचा जीव. फ्लटर तपासताना टेस्ट पायलट थोडा थोडा वेग वाढवत जातो, दर पायरीला स्टिकला हलका धक्का देतो आणि थरथर विरतेय ना ते बघतो, मॅन्युअलमध्ये जो कमाल वेग छापणार त्याच्याही पुढे जाऊन. हे काम पहिल्या उड्डाणाच्या किती तरी नंतर, टाळ्या वाजवायला कोणी नसताना चालतं.

नवीन काही करणाऱ्यांचा उत्साह घालवायला हे लिहीत नाहीये, उलट अशी विमानं अजून व्हावीत असं मनापासून वाटतं. म्हणूनच विनंती आहे की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या प्रतिनिधीने टीमला एवढं तरी विचारावं, काट्यावर ठेवल्यावर रिकाम्या विमानाचं वजन किती भरलं, पंख किती भारापर्यंत तपासले, फ्लटरची चाचणी कुठल्या वेगापर्यंत झाली, स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली पडण्यातून विमान बाहेर येतं का. ज्यांनी काम केलंय ते तासभर सांगत बसतील. आणि जमलं तर उड्डाणाच्या फोटोशेजारी पंखावर रचलेल्या पोत्यांचाही एक फोटो छापा.

आपला,
एक नियमित वाचक