प्रकल्पाची परीक्षा कोऱ्या मशिनवर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी, बीसीए आणि एमसीएच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा आता तोंडावर आल्या आहेत. त्याआधी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आणि इथल्या स्वायत्त महाविद्यालयांच्या कानावर एक मागणी घालायची आहे. विद्यार्थ्याने प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचा, ही पद्धत बंद करावी. परीक्षकासमोर एक कोरं, बाकी मशिनपासून तोडलेलं वातावरण (म्हणजे प्रोग्राम चालवायला लागणारी सॉफ्टवेअरची मांडणी) उघडावं, विद्यार्थ्याने लिहून दिलेल्या सूचनांबरहुकूम प्रकल्प त्यात पहिल्यापासून उभा करावा, आणि तो उभा राहिला तरच पुढचे प्रश्न विचारावेत.

मी टॉवेल कारखान्यांसाठी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर करते. गिऱ्हाइकं बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतली. माझ्याकडे कामाला येणारी मुलं-मुली हुशार असतात. वर्षभर अनुभव घेतात आणि पुण्याला जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ‘मॅडम, माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ या वाक्याबद्दल आहे. चालतं हे खरंच असतं. त्या लॅपटॉपवर चार वर्षांत काय काय बसवलं गेलंय, याचा हिशोब मात्र कोणाकडेच नसतो. कधीतरी दुसऱ्या विषयाच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेली एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रकल्प गुपचूप वापरत असतो आणि ती कुठल्याही यादीत लिहिलेली नसते. विंडोजवर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांची गफलत चालून जाते. तोच कोड लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्व्हरवर गेला की ‘फाइल सापडत नाही’ म्हणून बसतो.

हे तरी लगेच दिसतं. न दिसणारं जास्त महागात पडतं. आमच्या कामात रात्रपाळी असते. कामगार रात्री साडेबाराला अंगठा लावतो. मुलाच्या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर असतं, त्यामुळे तारीख बरोबर पडते. सर्व्हर आणि कंटेनर (एकाच मशिनच्या आत प्रोग्रामसाठी केलेला बंदिस्त कप्पा) यांचं घड्याळ मात्र बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे त्या क्षणी संध्याकाळचे सात वाजलेले असतात, तेही आदल्या दिवशीचे. कोडमध्ये वेळेचा पट्टा (टाइम झोन) स्पष्ट लिहिला नसेल तर एक तारखेची हजेरी सरळ मागच्या महिन्यात जाऊन पडते. कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही. दिसते ती पगाराच्या दिवशी, काउंटरवर. कोऱ्या कंटेनरमध्ये रात्रपाळीची एक चाचणी चालवली असती तर ही चूक टेबलावरच सापडली असती.

फाँटचंही तेच. आम्हाला पगारपत्रक मराठीत लागतं, आणि सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूचीही मागणी होते. लॅपटॉपवर दोन्ही फाँट आधीपासून असतात. किमान सामानाच्या लिनक्समध्ये एकही नसतो, आणि पीडीएफमध्ये कामगाराच्या नावाच्या जागी चौकोनांची रांग छापली जाते. परीक्षेत हा प्रकार घडला तर विद्यार्थ्याचे दोन मार्क जातील. कारखान्यात घडला तर युनियनवाले विचारतील, आणि बरोबरच विचारतील.

चादरीची नवी डिझाइन आपल्याकडे आधी नमुना विणून बघतात, मग ऑर्डरचा माल मागावर चढवतात. ज्या गावाला हे सांगावं लागत नाही, त्याच गावात सॉफ्टवेअरचा नवा भाग थेट चालू डेटाबेसवर चढवणारे कमी नाहीत. एका कारखान्यात (नाव घेत नाही, आणि ते सॉफ्टवेअरही माझं नव्हे) पगाराच्या नव्या आवृत्तीची ‘चाचणी’ खऱ्या कामगारांच्या यादीवर झाली. मोबाइल नंबर खरे, मेसेज पाठवणारी सेवा चालू. पगार जमा झाल्याचे मेसेज महिन्याच्या मधेच सगळ्यांना गेले. लोक एटीएमवर जाऊन रिकाम्या हाताने परतले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत माग उशिरा सुरू झाले. म्हणून वेगळं वातावरण म्हणजे नुसतं वेगळं फोल्डर नव्हे. त्याला बाहेरचा रस्ता बंद हवा आणि आतला डेटा बनावट हवा. प्रकल्पासाठी ओळखीच्या दुकानातून ग्राहकांची यादी, आधार क्रमांकासकट, पेनड्राइव्हवर आणणारी मुलं मी पाहिली आहेत. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला; निदान मार्गदर्शक प्राध्यापकांनी तरी मुलांना तो सांगावा.

‘आमच्या लॅबला हे झेपणार नाही’ हे उत्तर मला पाठ आहे. झेपतं. एखाद्या प्रोग्रामला मूळ डिरेक्टरीच वेगळी दाखवून कोंडून ठेवायची सोय, सीएचरूट, युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. आजच्या लॅबमधल्या सगळ्यात रडक्या मशिनपेक्षाही त्या काळचे संगणक कितीतरी दुबळे होते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात डीबूटस्ट्रॅप नावाच्या साधनाने एका फोल्डरात अख्खी किमान प्रणाली उभी करता येते, आणि त्यासाठी चार जीबी रॅम भरपूर झाली. पायथॉनच्या प्रकल्पांना तर २०१२ पासून भाषेबरोबरच येणारं व्हेन्व हे वेगळं वातावरण करायचं साधन पुरतं. डेबियन १२ पासून पिप हा पायथॉनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम मूळ प्रणालीत काही बसवायला थेट नकार देतो आणि ‘आधी वेगळं वातावरण करा’ म्हणून सांगतो. तो संदेश वाचायचा सोडून आमची मुलं इंटरनेटवरून जबरदस्तीचा पर्याय शोधून टाकतात आणि पुढे जातात. लॅब विंडोजची असेल तर विंडोज प्रोमध्ये २०१९ पासून सँडबॉक्स, म्हणजे तात्पुरतं कोरं विंडोज, आहे. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. त्यासाठी बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशिनमध्ये दुसरं मशिन चालवायची सोय, सुरू करावं लागतं. लॅब असिस्टंटचं एका दुपारचं काम आहे, पण त्यांना बायोसचा पासवर्ड द्यावा लागेल, आणि तो द्यायला कोणी तयार नसतं, हेही मला माहीत आहे.

प्रत्येक पद्धतीची मर्यादा असते, तीही मुलांना कळायला हवी. सीएचरूट ही सुरक्षेची भिंत नव्हे; आत रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेला माणूस बाहेर पडू शकतो. कंटेनर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बाहेरच्या मशिनचंच वापरतो, त्यामुळे वेगळं कर्नल किंवा वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम हवी असेल तर पूर्ण व्हर्च्युअल मशिनला पर्याय नाही. बायोमेट्रिक यंत्राचा ड्रायव्हर तपासायचा तर आम्हाला अजूनही टेबलावर खरं यंत्र लागतं. हे सगळं आमच्याकडे येणाऱ्या मुलांना ‘कंटेनर आणि व्हर्च्युअल मशिन यांतील फरक’ अशा तक्त्याच्या रूपात पाठ असतं. हातात मात्र एकदाही आलेलं नसतं. म्हणून डॉकरचा (कंटेनर चालवायच्या साधनाचा) आणखी एक पेपर वाढवा असं माझं म्हणणं नाही. २०१३ मध्ये आलेलं ते साधन उद्या मागे पडेल, दुसरं येईल. परीक्षेची अट बदलली की मुलं लागेल ते साधन आपापलं शिकतील.

अट कशी असावी हेही सांगते. प्रकल्पाबरोबर एक पानाची सूचना आणि लागणाऱ्या पॅकेजेसची, आवृत्तीच्या आकड्यांसह, यादी द्यायची. परीक्षेच्या आधी शेजारच्या गटाने ती सूचना वाचून प्रकल्प उभारायचा आणि मूळ गटाने त्या वेळी खोलीबाहेर थांबायचं. पॅकेजेस आधी उतरवून ठेवायची आणि परीक्षेत नेटवर्क बंद ठेवायचं, म्हणजे चोरून काही डाउनलोड होत असेल तर जागीच उघडं पडेल. सध्या बांधीव रिपोर्टच्या सोनेरी अक्षरांवर मुलं जेवढा खर्च करतात, तेवढाही यात नाही.

लॅबचं इंटरनेट मंद असतं, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मूळ प्रणालीची एकच प्रत आणि नेहमीची पॅकेजेस महाविद्यालयाच्या एका मशिनवर ठेवून बाकीच्यांनी तिथून घ्यायची. पहिल्या वर्षी ती प्रत तयार करून द्यायला आमच्यासारखे इथले छोटे व्यावसायिक एखादा रविवार सहज काढतील; मी तर काढीनच. विभागप्रमुखांनी फक्त परीक्षेच्या वेळापत्रकात प्रत्येक गटाला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास द्यावा. बाहेरच्या परीक्षकाला दुपारच्या गाडीने परत जायचं असतं, त्यामुळे खरी अडचण तिथेच येणार आहे.

कळावे,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सोलापूर