ताटं एकदम आली, त्याबद्दल

नमस्कार काका,

या पत्रात तुमचं नाव नाही आणि हॉटेलचंही नाही. बिल देताना मी म्हटलं होतं, तुमच्याबद्दल लिहिणार आहे. त्यावर तुम्ही म्हणालात, "लिहा की, पण नाव-बिव नको." ते पाळतेय. सोलापुरातल्या एका शाकाहारी थाळीच्या हॉटेलात तुम्ही कॅप्टन, म्हणजे वाढप्यांवर देखरेख करणारे, आहात, एवढंच सांगते. आमच्या घरात गेले काही दिवस तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही.

निमित्त बाबांच्या पंचाहत्तरीचं होतं. आम्ही पुण्याहून आलेलो, भाऊ-वहिनी हैदराबादहून, शिवाय आत्या आणि पोरंटोरं. बाबांची एकच इच्छा होती. सगळ्यांनी बाहेर एका टेबलावर बसून जेवायचं, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं. आई मात्र दोन दिवस आधीपासून म्हणत होती, घरीच करू. तिच्या मनात काय होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माझी लेक.

तिला सिलिॲक आहे. गहू, जव, राय (मोहरीची राई नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपचार. तिची उंची वाढत नव्हती, हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा निदान झालं. पोळी, शिरा, शेवया, कुरडई, गुलाबजाम, बिस्किटं, सगळं एका दिवसात बंद.

लोकांना वाटतं, पोळी वाढली नाही की झालं. तसं नसतं हो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्याच तेलात पापड तळला तर तो पापड तिला चालत नाही. गिरणीत आधी गहू दळला आणि मागोमाग ज्वारी टाकली, तर त्या ज्वारीच्या पिठातही गहू उतरतो. आणि हिंग! शुद्ध हिंग म्हणजे झाडाचा चीक, तो इतका उग्र असतो की बाजारात आपण घेतो तो बांधानी हिंग डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला असतो. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. आपल्याकडच्या शाकाहारी स्वयंपाकात हिंग नाही अशी फोडणी शोधून दाखवा. म्हणजे ज्या साध्या वरणभाताला सगळे "हे तर नक्की चालेल" म्हणतात, त्यातच नेमकं ते बसलेलं असतं.

हे सगळं हॉटेलात उभं राहून समजावण्याचा मला आता मनापासून कंटाळा आलाय. एका मोठ्या, झगमगीत हॉटेलात मॅनेजरने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, काळजीच करू नका." भाकरी आली. खालच्या बाजूला बारीक पांढरट पीठ. विचारलं तर म्हणे, थापताना चिकटते, थोडं गव्हाचं लावावंच लागतं. पोर रात्रभर पोट धरून कण्हत होती. दुसऱ्या एका ठिकाणी ऐकवलं, एवढं असेल तर डबा घेऊन यायचा. पुढच्या वेळी डबा नेला, तर बाहेरचे पदार्थ खाण्यास मनाई अशी पाटी दाखवली! नातेवाइकांतही "एका घासाने काय होतंय" म्हणणारे आहेतच. त्यांना काय होतं ते बघायला रात्री थांबायचं नसतं.

म्हणून त्या रात्री तुमच्या हॉटेलात शिरताना मी पिशवीत तिचा डबा घेऊनच आले होते. तुम्ही पाण्याचे पेले ठेवायला आलात, मी नेहमीचं पाठ झालेलं सांगायला सुरुवात केली. तुम्ही मध्ये एकदाही "हो हो, होईल" म्हणाला नाहीत. सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "थांबा, हिंगाचा डबा बघून येतो." दोन मिनिटांत तो पिवळट झालेला, झाकणाला तेलकट बोटं उमटलेला डबा घेऊन टेबलापाशी आलात. खिशातून चष्मा काढलात आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचू लागलात. "गव्हाचं पीठ. लिहिलंय ताई इथं." मग म्हणालात, "आमच्या वरणात हिंग शिजवतानाच पडतो, ते बाद. भाकरीचं पीठ बाहेरच्या गिरणीतून येतं, तिथं गहूबी दळतात. भाकरी मी पोरीला देणार नाही."

काका, हे "देणार नाही" ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला कदाचित कळलंही नसेल. मालदांडी ज्वारीचा हा मुलूख, भाकरीवर तुमचं हॉटेल चालतं. दिली असतीत तर ज्वारीचीच आहे म्हणून आम्ही विश्वासाने घेतली असती. तुम्ही गिऱ्हाइकाला खरं सांगितलंत. एखाद्या पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, असा नियम आहे. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूकार्डावर असे घटक लिहावेत, असाही नियम आहे. तुमचं आपलं एकच हॉटेल. तुम्हाला यातलं काही लागू नव्हतं, आणि कुणी तपासायलाही येणार नव्हतं.

आत काय काय झालं ते सगळं मी पाहिलेलं नाही. छोटा कुकर वेगळा लावलात, कढई पुन्हा घासून घेतलीत, तेलाची नवी पिशवी फोडलीत, बटाट्याच्या भाजीला नुसती मोहरी-जिऱ्याची फोडणी दिलीत, हे तुम्ही येता-जाता सांगत होतात. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ती रात्र, दुसरा दिवस, तिसरा दिवस, लेक ठणठणीत होती.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

थाळीच्या हॉटेलात बसलं की पाच मिनिटांत ताटं येतात आणि वाढपी सुरू होतात, एकामागून एक. शेजारच्या टेबलांवर तेच चाललं होतं. आमच्यासमोर मात्र काहीच येईना. भावाने विचारलं, "आमचं तरी आणा ना, तिचं होईल तेव्हा होईल." ताटं घेऊन निघालेल्या पोराला तुम्ही हातानेच थांबवलंत आणि भावाला म्हणालात, "कुकर उतरला की सगळ्यांचं एकदम आणतो. आजोबांचा वाढदिवस आहे, नात बघत कशी बसेल?"

माझ्या मुलीच्या वाट्याला बघत बसणं फार येतं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की केक कापला जातो, ती टाळ्या वाजवते आणि आपल्या डब्यातली राजगिऱ्याची वडी काढते. लग्नात पंगत उठत आली तरी आम्ही आचाऱ्याशीच बोलत असतो. तिचं जेवण नेहमी आधी असतं नाहीतर नंतर, बरोबर कधी नसतं. ती तक्रार करत नाही, आणि मला तेच जास्त लागतं. नऊ वर्षांच्या पोरीने इतकं समजूतदार कशाला व्हावं?

तुम्ही आमची अख्खी पंगत तिच्या कुकरसाठी थांबवलीत. आत्याला मधुमेह आहे, तिने पर्समधला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि खुशाल बसली. बाबा तर खूश, त्यांना त्यांच्या मिलमधल्या गोष्टी सांगायला आयते श्रोते मिळाले. मग ताटं आली. तुम्ही स्वतः पहिलं ताट बाबांपुढे ठेवलंत आणि दुसरं तिच्यापुढे. तसंच स्टीलचं ताट, तशाच वाट्या. भात, बिनहिंगाचं वरण, वर तूप, बटाट्याची भाजी, नव्या बरणीतली शेंगाची चटणी, न उघडलेल्या डब्यातलं श्रीखंड. एका पोराला हात धुवायला लावून सांगितलंत, "तू फक्त या ताटाकडं बघायचं, दुसरीकडं पळी लावायची नाही." तिने वरणभात दोनदा मागून घेतला. "अजून वाढा" हे शब्द तिच्या तोंडून हॉटेलात मी पहिल्यांदाच ऐकले. आई पदराने डोळे पुसत होती आणि चटणी तिखट आहे म्हणून सांगत होती.

तुम्हाला यात विशेष वाटलं नसणार. आमच्या सोलापुरात दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण समोरचं माणूस काय खाऊ शकत नाही, हे नीट ऐकून घेणारी माणसं मला फार थोडी भेटली. याला पैसा लागत नाही, मोठं शिक्षण लागत नाही. तुम्ही पंधरा-वीस मिनिटं दिलीत, तीही गर्दीच्या वेळी, गल्ल्यावरून मालक मान वळवून बघत असताना. मालकांचेही आभार, ते काही बोलले नाहीत.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "ताई, काय चालतं, काय नाही, जरा लिहून द्या, आत लावून ठेवतो." तो कागद या पत्रासोबत पाठवतेय. मराठीत लिहिलाय, आणि तुमचे आचारी कानडी बोलतात म्हणून मागच्या बाजूला शेजारच्या काकूंकडून कानडीत लिहून घेतलाय. बिनपिठाचा किंवा तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डब्यावर काय वाचायचं तेही त्यात आहे. कढई घासणाऱ्या मावशींना आणि पळी सांभाळणाऱ्या त्या पोराला माझा नमस्कार सांगा. दिवाळीत आम्ही सगळे सोलापुरात आहोत. येण्याआधी फोन करू, म्हणजे कुकर आधीच लावता येईल.

तुमची,
बिनहिंगाचं वरण दोनदा मागणाऱ्या मुलीची आई