निळा बाण आणि तिरपी घडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये आपल्या शाळांसाठी कला-एकात्मिक अध्यापन, म्हणजे चित्र, गाणे अशा कलांच्या आधारे विषय शिकवणे, आवश्यक केले आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने त्याचा सर्वच शाळांसाठी पुरस्कार केला. बी.एड.च्या सराव पाठांत आम्हा छात्राध्यापकांकडूनही आता त्याची अपेक्षा असते. नुकत्याच संपलेल्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, घेतलेल्या अशा दोन पाठांविषयी लिहीत आहे.

पहिला पाठ पाचवीला जलचक्राचा होता. मुलांनी ढग, डोंगर, समुद्र रंगवले, बाण काढले, चित्रे भिंतीवर लागली आणि निरीक्षण नोंदीत मला ‘उत्कृष्ट’ हा शेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारले, “समुद्राचे पाणी वर कसे जाते?” एका मुलाने तत्परतेने उत्तर दिले, “निळ्या बाणाने.” त्यात त्याची चूक नव्हती, पस्तीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटे मी त्याच्याकडून बाणच रंगवून घेतले होते.

दुसरा पाठ सहावीला सममितीचा. या वेळी चित्र रंगवण्याऐवजी वहीत ठिपक्यांची रांगोळी घेतली : मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली ६, ५, ४. एकूण ठिपके किती, यावरून आधी वाद झाला. ओळीओळीने मोजणाऱ्यांचे ३७ आले, एका मुलीने मात्र मधल्या ठिपक्यापासून बाहेर कडी मोजत १, ६, १२, १८ असे मांडले आणि म्हणाली, “बाई, हा तर सहाचा पाढा आहे!” मग ९ ते ५ च्या रांगोळीत आणखी २४ ठिपके येणार, हे मुलांनी काढण्याआधीच सांगितले आणि ६१ मोजून खात्री करून घेतली. हे माझ्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, कुठेही नव्हते.

खरी अडचण घडी घालताना आली. उभी घडी जुळली, आडवीही जुळली, तिरपी काही केल्या जुळेना, आणि मला लगेच कारण सांगता आले नाही. चौकटीच्या वहीत ओळीतल्या शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर आणि तिरप्या रेषेतल्या दोन ठिपक्यांमधले अंतर सारखे नव्हते, हे तास संपता संपता लक्षात आले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीचा, उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद घेऊन आली. त्या भोकांतून पेनाने ठिपके उमटवून घड्या घातल्या, तेव्हा तिरप्या घड्याही जुळल्या आणि सममितीचे सहा अक्ष मुलांच्या हाताला लागले. या पाठावरचा शेरा होता : ‘साधन अनाकर्षक, वेळेचे नियोजन अपुरे.’

मार्गदर्शकांना मी दोष देत नाही. एका सकाळी पाच-पाच पाठ पाहायचे, त्यात नोंदीच्या तक्त्यात ‘कलेचा वापर’ हा रकाना. तो भरायला भिंतीवरची चित्रे सोयीची पडतात. पण त्यामुळे आम्ही छात्राध्यापकही लवकरच शहाणे होतो आणि रंगीत कागद, थर्माकोल, एखादे गाणे असा सरंजाम घेऊन वर्गात शिरतो. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक तर या नियोजनात कुठेच नसतात, हे मला सर्वांत विचित्र वाटते. ठिपके समान अंतरावर हवेत, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले असते.

तेव्हा अध्यापक महाविद्यालयांना विनंती आहे की अशा पाठांसाठी जोडतासिका द्यावी, टाचण आधी कला शिक्षकांच्या नजरेखालून जावे आणि त्या रकान्याच्या जागी ‘मुलांना काय सापडले?’ असा प्रश्न छापावा. नव्या सत्राची पाठनिरीक्षणे सुरू होण्यापूर्वी हा बदल सहज करता येईल.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका, सातारा