समोरच्या काकांना, त्या वायरीसाठी

काका, नमस्कार. समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी लिहायला बसले, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, रामबागेतल्या लोकांना कळू दे.

मार्च २०२० मध्ये माझी नववीची परीक्षा चालू होती, शेवटचा एक पेपर राहिला होता आणि शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला 'अगली सूचना तक'. आम्हाला वाटलं आठ दिवस सुट्टी. मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू, थाळ्या, आणि २५ पासून सगळंच बंद, आपल्या इंदूरला तर इतकं कडक की किराण्याचीही पंचाईत. आणि एप्रिलमध्ये एकदम दहावी सुरू, तीसुद्धा मोबाईलवर. नवा वर्ग नाही, बेंच नाही, मैत्रिणींना नीट बाय पण केलं नव्हतं. दप्तर खुंटीला तसंच लटकलेलं, त्यात शेवटच्या पेपरचं पॅड आणि दोन पेनं. ते दिसलं की पोटात कसंतरी व्हायचं.

घरात स्मार्टफोन एकच, बाबांचा. त्यात मी आणि पाचवीतला भाऊ. दिवसाचा दीड जीबी दुपारपर्यंत संपायचा, आणि आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड, नेटवर्क यायचं फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. तिथेच बसायचे मी. कॅमेरा कधी लावला नाही कारण मागे पोपडे निघालेली भिंत होती आणि वर्गातल्या बाकीच्यांच्या मागे पडदे, पुस्तकांचं कपाट वगैरे. नाव लिस्टमध्ये दिसतंय म्हणजे मी आहे असं सगळ्यांना वाटायचं, पण खरं सांगायचं तर मी हळूहळू तिथे नसायचेच. कोणाशी बोलू पण वाटेना.

तो दिवस तुम्हाला आठवतो का माहीत नाही. सायन्सचा पहिलाच धडा, सरांनी विचारलं मॅग्नेशियमची फीत जाळायच्या आधी सँडपेपरने का घासायची, आणि माझं नाव घेतलं. मला येत होतं! माईक चालू केला, पूर्ण उत्तर दिलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वर्गात बोलले, आणि मग लक्षात आलं की स्क्रीन कधीचीच अडकलीय, सरांचं तोंड अर्धवट उघडं तसंच थांबलेलं. कोणी काहीच ऐकलं नव्हतं. परत जॉईन होईपर्यंत ४० मिनिटं संपून मीटिंग बंद. वर त्या दिवशीची ॲबसेंट लागली. मी तिथेच पायरीवर रडायला लागले.

तुम्ही बोळाच्या पलीकडे ओट्यावर बसला होतात, नाकाला पंचा बांधून. दुसऱ्या कोणी विचारलं असतं काय झालं, का रडतेस. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "उत्तर काय होतं? मला सांग." आणि मी बोळाच्या या टोकावरून मोठ्याने सांगितलं, की हवेमुळे फितीवर थर बसतो, तो घासून काढला की धातू हवेतल्या ऑक्सिजनशी नीट भिडतो आणि चांगला जळतो. तुम्ही म्हणालात, "बरोबर. आम्ही पण तांब्याची तार जोडायच्या आधी घासायचो, नाहीतर लाईनवर खरखर." टेलिफोन खात्यातली तुमची इतकी वर्षं, आणि माझ्या धड्याला ती अशी येऊन जुळली. काका, त्या दिवशी मला कोणीतरी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गच्चीवर, तुमच्या घरचं इंटरनेट वायरीने आमच्याकडे आणायला. माळ्यावरचं वायरीचं भेंडोळं, एक जुना राउटर आणि डबीत चार कनेक्टर, बस. दुकानं बंद, म्हणजे त्यातच भागवायचं होतं. वायर बोळावरून फेकलीत, दोरीने पिशवीतून क्रिंपिंगचं टूल (वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं) पाठवलंत आणि आपल्या गच्चीवरून मला एकेक रंग ओरडून सांगितलेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी पहिल्यांदा निळा आणि हिरवा उलटे घातले आणि एक कनेक्टर वाया गेला. चारच होते तरी तुम्ही रागावला नाहीत, म्हणालात काप आणि परत कर. दुसऱ्या वेळी राउटरचा हिरवा दिवा लुकलुकला तेव्हा काकू खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या. महिन्याचे पैसे द्यायला बाबा आले तर तुम्ही घेतले नाहीत, ते बाबांना अजून लागून आहे.

पण वायरीपेक्षा मोठं म्हणजे रोज संध्याकाळचं ते "आज काय शिकवलं?" तुम्ही विचारणार म्हणून मी लक्ष द्यायला लागले, माईक चालू करायला लागले, पुढे एकदा कॅमेराही लावला, पोपड्यांसकट. १४ एप्रिल २०२१ ला आमची सीबीएसई बोर्डाची परीक्षा रद्द झाली तेव्हा सगळे खूश होते आणि मला मात्र रिकामं वाटत होतं, वर्षभर कशासाठी केलं असं. तुम्ही म्हणालात, "मला तर रोज दिलीस की परीक्षा." ते मी कधीच विसरणार नाही.

आता मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे. लॅबमध्ये कोणाची केबल बिघडली की मला बोलावतात, आणि हाताला अजून तेच रंग तुमच्या आवाजात येतात.

खूप खूप आभार काका, तुमचे आणि काकूंचे. आणि हो, गच्चीवरच्या वायरीची टेप उन्हाने सुटलीय असं भाऊ म्हणत होता. पावसाच्या आधी मी येते आहे घरी, मी लावते. तुम्ही शिडी चढू नका.